सफरचंद कापायचा चाकू

नंदूकाका म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे काका. वय एकाहत्तर. लंडनजवळच्या हॅरोमध्ये अठ्ठावीस वर्षं पोस्टमन होते आणि त्या अठ्ठावीस वर्षांत त्यांना सात कुत्रे चावले. सातही कुत्र्यांची नावं त्यांना पाठ आहेत, माझा वाढदिवस मात्र दर वर्षी विसरतात. आता रिटायर झालेत. दर रविवारी पांढरा सदरा घालून विहारात जातात आणि सगळ्यांकडून पंचशील म्हणून घेतात. त्यातलं चौथं शील, खोटं न बोलण्याचं, ते इतकं मनावर घेतात की आम्हाला जीव नकोसा होतो. कुणी नवी साडी नेसून "कशी दिसतेय?" विचारलं, की मी घाईघाईनं मध्ये तोंड घालते. गेल्या वर्षी मला जरा उशीर झाला, तर सुप्रभाताई अजून माझ्याशी बोलत नाहीत. माझ्याशी हां! काकांशी बोलतात.

तर ह्या माणसाकडे एक चाकू होता. घडीचा, लाकडी मुठीचा, पातं जेमतेम दोन इंच. वरच्या दातांची कवळी असल्यामुळे त्यांना सफरचंद चावता येत नाही, फोडी कराव्या लागतात. म्हणून टपाल वाटायच्या दिवसांपासून कापडी पिशवीत एक सफरचंद आणि शेजारी हा चाकू, असा त्यांचा जामानिमा. तीस वर्षांत त्या चाकूनं सफरचंदाशिवाय कशालाही हात लावला नाही.

मग मार्च महिन्यात भर दुपारी, लायब्ररीच्या बाजूच्या गल्लीत, इलेक्ट्रिक बाईकवरून एक तोंड झाकलेला पोरगा आला आणि काकांच्या हातातला फोन हिसकावून गेला. काका घरी आले, चहा प्यायले, म्हणाले, "जाऊ दे, जुनाच होता." बस्स. पुढे एक अक्षर नाही. आम्हालाही वाटलं, चला, काका खमके आहेत.

आठवड्याभरानं चंदाकाकूंचा मला फोन.

"राजश्री, चाकू पिशवीतून खिशात आलाय गं."

"म्हणजे?"

"म्हणजे सफरचंद पिशवीत आणि चाकू पँटच्या उजव्या खिशात. विचारलं तर म्हणतात, सेल्फ-डिफेन्स."

मी कपाळाला हात लावला. मी एकोणीस वर्षं ए अँड ई मध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, नर्स आहे. सेल्फ-डिफेन्सवाले आमच्याकडे ट्रॉलीवर झोपून येतात. गुरुवारी ड्यूटी संपली तशी युनिफॉर्मवरच त्यांच्या घरी गेले. डोकं तापलेलंच होतं.

"काका, तुम्हाला माहितीये का, सफरचंदासाठी हा चाकू बाळगला तर कायद्यात बसतो. माणसासाठी बाळगला तर तोच चाकू गुन्हा. पोलीस पातं नंतर मोजतात, आधी विचारतात, कशासाठी? आणि तुम्ही तर हरिश्चंद्र! लगेच सांगाल."

"सांगेनच. खोटं कशाला बोलू?"

"आणि पहिल्या शीलाचं काय? हिंसा न करण्याचं?"

"मारायला नाहीये गं तो. नुसता दाखवायला."

"तुम्ही दाखवलात की समोरचा त्याचा दाखवतो. त्याचा दोन इंची नसतो."

काका हसले. मला राग आला. म्हटलं, बरं, दाखवाच मला. मी तो चोर. हॉलच्या त्या टोकापासून येते, तुम्ही चाकू काढा. मी साधी चालत गेले हो, पळतसुद्धा नाही. मी त्यांच्या नाकासमोर उभी, आणि काकांचा हात अजून खिशात, रुमालात अडकलेला. चाकू निघाला तर पातं उघडेना. नखानं ओढायची ती खाच दिसायला चष्मा लागतो, आणि चष्मा टीव्हीजवळ. मी घड्याळ लावलं होतं. सतरा सेकंद.

"चोराला थांबायला सांगेन," काका म्हणाले. विनोद करत होते, पण चेहरा पडला होता.

तेवढ्यावर ऐकतील तर ते नंदूकाका कसले! "उघडा असता तर?" म्हणाले. म्हटलं, हेही होऊन जाऊ दे. काकांना अर्ध्या बाह्यांचा जुना पांढरा सदरा घालायला लावला. एक निळा मार्कर त्यांच्या हातात दिला, एक लाल काकूंच्या. मार्करचं टोक म्हणजे पातं. जिथे रेघ, तिथे जखम.

काकू म्हणाल्या, "अगंबाई, मला नाही जमायचं." आणि कार्डिगनच्या बाह्या वर सारून अशा काही तुटून पडल्या की मीच दोन पावलं मागे सरले. चव्वेचाळीस वर्षांचा संसार होता त्या हल्ल्यात. "हे न विचारता सोफा विकल्याबद्दल! हे माझ्या बहिणीला जाडी म्हणालात त्याबद्दल!" काका "खरं होतं ते!" असं ओरडत सोफ्याभोवती पळतायत, निळा मार्कर हवेत फिरतोय. वीस सेकंदांत सगळं आटोपलं.

मी मोजलं. काकांच्या अंगावर लाल रेघा चौदा. हातांवर नऊ, पोटावर चार, मानेवर एक. काकूंच्या अंगावर निळ्या फक्त तीन. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या, चेहऱ्यावर विजय.

"हसू नका," मी म्हटलं. "ही तुमच्या मनगटावरची निळी बघा. आणि ही गळ्यावरची. तुम्हीसुद्धा गेलात."

"मग जिंकलं कोण?" काकांनी विचारलं.

"कुणीच नाही. दोघंही माझ्याकडे आलात. शेजारी शेजारी."

मग मी खाली बसले आणि जे घरी कधी बोलत नाही ते बोलले. भोसकलेल्या माणसांना पुष्कळदा कळतच नाही. बुक्की बसली असं वाटतं, आणि शर्ट ओला का झाला म्हणून खाली बघतात. असला घडीचा चाकू जोरात खुपसायला गेलं तर हात घसरून आपल्याच पात्यावर येतो, नाहीतर पातं बोटांवर मिटतं. स्वतःच्याच चाकूनं बोटं कापून घेतलेले किती आणलेत आमच्याकडे! फोन मागितला तर देऊन टाकायचा आणि पळायचं, एवढीच विद्या आहे.

"पळणं मला येतं," काका हळू आवाजात म्हणाले. "कुत्र्यांनी शिकवलंय."

त्या रात्री चाकू परत पिशवीत गेला, सफरचंदाशेजारी. काकूंनी मला तसा मेसेज केला.

एक घोटाळा तेवढा झाला. मार्कर धुऊन निघणारा नव्हता, हे मी बघायला विसरले. रविवारी काका दोन्ही हातांवर लाल रेघा मिरवत विहारात हजर. लोक घाबरून विचारायला लागले, काय झालं हो? आणि चौथं शील पाळणारा हा माणूस, बुद्धांच्या मूर्तीसमोर, शांतपणे म्हणाला, "बायकोनं केलं." काकूंना त्या दिवशी चहा द्यायलाही कुणी जवळ येईना.

पुढच्या शनिवारी काका आणि मी कॅमडेनला निघालो होतो, किंग हेन्रीज रोडवर. पुण्याहून आलेले पाहुणे परस्पर तिथेच भेटणार होते, त्यांना बाबासाहेब शिकताना राहिले ते घर दाखवायचं होतं. स्टेशनच्या दारात पोलिसांनी ती धातू ओळखणारी चौकट उभी केलेली. काका आत शिरले आणि चौकट बोंबलली.

कॉन्स्टेबल तरुण मुलगी होती. पिशवीतून सफरचंद काढलं, मग चाकू. मी निर्धास्त होते. सफरचंद आहे, कवळी आहे, पातं दोन इंच. एक शब्द बोलायचा होता फक्त.

"हा कशासाठी, सर?" तिनं विचारलं.

"आता सफरचंदासाठी," काका म्हणाले. मी श्वास सोडला. "पण मध्ये नऊ दिवस माणसासाठी होता."

एकाहत्तराव्या वर्षी हा माणूस तुरुंगात जाणार आणि काकूंना मी तोंड कसं दाखवणार! मी मध्ये बोलायला गेले तर तिनं हातानंच थांबवलं.

"आणि नऊ दिवसांनी काय झालं?"

"बायकोनं मला ठार मारलं," काका म्हणाले, आणि बाही वर करून पुसट लाल रेघा दाखवल्या. "चौदा वेळा."

ती रेघांकडे बघत राहिली. मी धडाधडा सगळं सांगितलं, मार्कर, सोफा, सतरा सेकंद. तिच्या ओठांचा कोपरा हलला, पण नजर काकांवरून हटली नाही.

"पण मुळात खिशात का ठेवलात?"

काकांनी बाही खाली केली. मग म्हणाले, "फोन गेला तेव्हा मी घाबरलो, ऑफिसर. फार घाबरलो. त्या दिवसापासून त्या गल्लीतून गेलेलो नाही. लांबून वळसा घालून जातो. घरी सांगितलं नाही."

मला रडूच आलं. फोन जाऊन तीन आठवडे झाले होते, तेवढ्यात आम्ही ह्यांना कायदा शिकवला, रेघा मोजल्या. तुम्हाला भीती वाटतेय का, एवढं कुणी विचारलं नव्हतं.

तिनं चाकू मिटला आणि काकांपुढे धरला. "आज हा सफरचंदाबरोबर आहे. तिथेच राहू द्या."

काकांनी घेतला नाही. शेजारी चाकू टाकायची लोखंडी पेटी होती, तिच्याकडे बोट दाखवलं. "त्यात टाका. पुढच्या वेळी कुणी विचारलं, तर हा कशासाठी आहे हे मला खात्रीनं सांगता येणार नाही."

ट्रेनमध्ये सफरचंद मी चावून खाल्लं. काका बघत बसले.

संध्याकाळी परतलो तेव्हा काका आपण होऊन लायब्ररीच्या गल्लीकडे वळले. तोंडाशी थांबले आणि माझा हात धरला, चांगला घट्ट.

"घाबरू नकोस," मला म्हणाले. दोन पावलं टाकली आणि परत थांबले. "नाही, खोटं बोललो. मीच घाबरलोय. पण चल."