खाकरून यावं

आमच्या ह्यांचं काम सांगितलं की लोक आधी हसतात. पक्ष्यांच्या संशोधन केंद्रात मदतनीस, पंचवीस वर्षं झाली. यंदाचं काम म्हणजे बुलबुलांना घाबरवणं. बागेच्या एका बाजूच्या घरट्यांना कर्ण्यातून शिक्र्याचा, म्हणजे शिकारी पक्ष्याचा आवाज ऐकवायचा, दुसऱ्या बाजूला कबुतरासारख्या गरीब बिचाऱ्या होल्याचा. मग शिडी लावून पिल्लं मोजायची. खरा शिक्रा फिरकू नये म्हणून वरून जाळी. चढउतार करून गुडघ्यांची पार वाट लागलीय, पण सांगायचं कोणाला?

घरी येताना हे फाटकापाशीच खाकरतात. सासरे खाकरायचे, म्हणून हेही. ह्यांच्या मते ती सभ्यता, आत बायाबापड्या असतात, वर्दी दिलेली बरी. खाकरणं ऐकलं की मी टीव्ही बंद करते आणि लेक गाणं थांबवून पुस्तक उघडते. गळा आहे हो पोरीला, पण ह्यांनी तो कधी ऐकलेलाच नाही. हात उचलला म्हणाल, तर एकदाही नाही. नुसता जमदग्नी. भाजीत मीठ कमी, चप्पल वाकडी, कशावरूनही सुरू. मला तर आता भांडायचंही त्राण उरलेलं नाही.

परवा आले ते गळून गेलेले. चहा तसाच ठेवून सांगू लागले. शिक्रा ऐकणाऱ्या घरट्यांत पिल्लं निम्मीच निघाली. माद्या सारख्या अंड्यांवरून उठतात, चारा आणायला धजत नाहीत.

"अगं, शिक्रा एकदाही आला नाही," म्हणाले. "नुसता आवाज."

माझी नजर लेकीच्या बंद दाराकडे गेली, आणि ती ह्यांनी पाहिली.

दुसऱ्या दिवशी हे खाकरलेच नाहीत. लेक भांडी विसळत गात होती, मी कांदा चिरत होते. सहज मागे वळले तर हे दारात, चपला हातात घेऊन ऐकत उभे. तेवढ्यात लेकही वळली. तिच्या हातातला काचेचा पेला खाली पडून फुटला. हे ओरडले नाहीत, गुडघे धरत खाली बसले आणि काचा गोळा करू लागले.

लेक भिंतीला चिकटून म्हणाली, "बाबा, खाकरून येत जा ना. आधी कळलेलं बरं असतं."

हे "बरं" म्हणाले.

आज संध्याकाळी फाटकापाशी खाकरले, अगदी हळू. गाणं थांबलंच.