सकाळी हट्टी, दुपारी शहाणी

प्रेमलताबाईंच्या गाडीला सकाळचं वावडं होतं. दुपारी चाबी फिरवली की एका झटक्यात सुरू. सकाळी मात्र घर्र-घर्र करून आचके द्यायची आणि सगळा मोहल्ला जागा होईस्तोवर हलायची नाही. आता सांगा, बाईंना ती हवी असायची नेमकी सकाळीच! नवरा गेल्यावर पन्नाशीत त्या गाडी शिकल्या, ते काय हौस म्हणून? नागपूरबाहेर मौद्याजवळच्या वावरात उन्हाळी भेंडी होती, आणि भेंडी कोणाची वाट पाहत नाही. एक तोडा चुकला की ती जून झालीच समजा. तोडणाऱ्या बाया उजाडताच यायच्या आणि ऊन चढलं की घरी जायच्या. त्यांनी तरी किती थांबावं?

एक दिवस पुण्याहून लेकाचा, अंकितचा फोन आला. "आई, विकून टाक तो डबा. वावर ठेक्यानं दे अन् इकडे ये आरामात राहाले. गांधीबागेतले भैयाजी गाडी घ्याले तयार आहेत. मी रविवारी येऊन राहिलो, व्यवहार करूनच टाकू."

"ये," बाई म्हणाल्या. "पण गाडी सुरू झाली तं विकाची नाही, आताच सांगून ठेवतो."

फोन ठेवला तेव्हा रागानं त्यांचे कान तापले होते. गाडी गेली की वावर जाणार, आणि वावर गेलं की आपण पुण्यात सहाव्या मजल्यावर टीव्हीपुढे बसणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. माझं खेटर बसतं तिथं!

गॅरेजवाला प्रशिक मन लावून काम करायचा, खोटं नाही बोलायचं. त्यानं बॅटरी बदलली, प्लग पुसले, पेट्रोलचा फिल्टर नवा टाकला. पण गाडी त्याच्या दारात पोचायचीच दुपारी, आणि तिथं पहिल्या हाकेला ओ द्यायची. रोग रेड्याला अन् औषध पखालीला!

"काकू, बॅटरी चांगली आहे, इंजिन फिरून राहिलं. मंग दोनच गोष्टी उरते, पेट्रोल अन् ठिणगी," शेवटी तो म्हणाला. "सकाळी त्यातली एक दडी मारते. पण माह्यासमोर बिघडतच नाही, तं पकडू कसा?"

"मंग मीच पकडतो," बाई म्हणाल्या.

त्या मुद्दाम मौद्याला नणंदेकडे मुक्कामाला राहिल्या. सकाळी गाडी मुकाट सुरू! घरी आल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं. म्हणजे घोडं पेंड खात होतं ते घरीच. पण घरी तिला काय कमी होतं? चैत्रातल्या वादळात अंगणातलं टिनाचं शेड उडालं, तेव्हापासून ऊन लागू नये म्हणून बाई तिला खिडकीच्या कूलरखाली लावत होत्या. आपल्याला थंडावा, तसा तिलाही थोडा.

शुक्रवारी रात्रभर लाइट गेली. घामानं भिजलेल्या बाई पहाटे चिडूनच गाडीत बसल्या, आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. बाई चाबी धरून बसूनच राहिल्या. काल रात्री वेगळं काय झालं? कूलर! कूलर चालला नाही!

दुसरी कोणी असती तर तेवढ्यावरच खूश झाली असती. बाईंना खात्री हवी होती. शनिवारी रात्री त्यांनी कूलर काठोकाठ भरला आणि मुद्दाम सुरू ठेवला.

रविवारी सकाळी अंकित भैयाजींना घेऊनच दारात हजर.

"आता सुरू होणार नाही, पाहून घ्या," असं म्हणून बाईंनी चाबी फिरवली. घर्र, घर्र, आचका, गप्प. अंकितनं कपाळावर हात मारला.

"आई, हेच म्हणून राहिलो ना मी!"

"थांब गा."

बाईंनी बोनेट उघडून प्लगच्या वायरींवर हात फिरवला. हात ओला! मे महिन्यात, नागपुरात, जिथं वाळत घातलेलं धुणं पापडासारखं कडक होतं, तिथं हात ओला! तेवढ्यात कूलरच्या जाळीतून एक थेंब टपकन बोनेटच्या बुडाशी असलेल्या फटीत पडला. वायरी ओल्या, म्हणजे सकाळी ठिणगीच दडी मारायची, आणि दुपारच्या उन्हात त्या वाळल्या की गाडी शहाणी! हा पावसाळ्यातला रोग, प्रशिकनं तरी तो उन्हाळ्यात कुठं शोधावा? आणि आपण गावभर फिरलो! काखेत कळसा अन् गावाला वळसा. बाईंना हसू आलं आणि वाईटही वाटलं.

त्यांनी वायरींच्या टोप्या काढल्या, पदरानं आतून-बाहेरून कोरड्या केल्या, घट्ट बसवल्या. चाबी फिरवली. गाडी एकदा खोकली आणि सुरू झाली.

"मी जरा वाढवून देतो, काकू," भैयाजी लगेच म्हणाले.

"चहा घ्या भैयाजी. गाडी नाही भेटत."

"पण आई, मी तुझ्या भल्यासाठीच म्हणत होतो ना," अंकितचा आवाज रडवेला झाला. "तुले या उन्हात त्रास काहून?"

बाईंनी कूलरकडे बोट केलं. "मीबी हिच्या भल्यासाठीच हिले थंडाव्यात ठेवलं होतं, बाबू. पाह्यलं ना काय झालं?"

अंकितनं पिशवी घरात ठेवली आणि डावीकडचं दार उघडून आईच्या शेजारी बसला.

"चाल," तो म्हणाला. "बाया वाट पाहून राहिल्या असतील."