आईच्या भिंतीतली खिडकी

गवंड्याच्या हातून दीडशे-दोनशे घरं उभी राहिली असतील, पण बिनखिडकीचं स्वयंपाकघर त्यानं कधी बांधलं नाही. ओट्याच्या डाव्या अंगाला, कमरेच्या हातभर वर, खिडकी यायलाच हवी. नकाशात नसली तर तो मालकाशी हुज्जत घालायचा. "कपाट कुठेही टांगा हो, चिरणाऱ्या हाताला उजेड डावीकडूनच लागतो." कामावरचे लोक त्याला पाठीमागे 'खिडकीशेठ' म्हणत, पुढे तोंडावरही म्हणू लागले.

आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. फोटो एकही नाही. आवाज आठवत नाही, चेहरासुद्धा धड नाही. आठवायचं ते एकच: खिडकीशी बसून आई भाजी चिरते आहे, डावीकडून ऊन आलंय आणि तिचा अर्धा गाल उजळलाय. बायकोला त्यानं हे इतक्यांदा सांगितलं होतं की ती त्याच्या आधीच वाक्य पुरं करायची.

त्याच्या एकसष्टाव्या वर्षी ताईचा निरोप आला. ती सहा वर्षांनी थोरली. "आपल्या जुन्या दोन खोल्या पाडणार आहेत म्हणे. किल्ली मिळतेय. बघायच्यात का?"

दुपारी दोघं तिथे पोचली. खोल्या भाड्याच्या, ठेंगण्या. कुलूप उघडायलाच ताईला दोनदा जोर लावावा लागला. गवंडी तडक मागच्या खोलीत गेला आणि भिंतीसमोर थबकला.

"खिडकी बुजवली गं कुणीतरी."

"कुठली खिडकी?"

"इथली. आई बसायची ती."

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. "इथे खिडकी कधी नव्हतीच, बारक्या. धुरानं डोळे चुरचुरायचे आपले."

"तू विसरलीस."

"मी बारा वर्षांची होते. तू सहाचा."

खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून त्यानं गिलावा खरवडायला घेतला. खिडकी कितीही सफाईनं बुजवली तरी भिंत ते लपवू शकत नाही. कडेला विटांची उभी रेघ राहते, वर भार पेलणारी आडवी पट्टी, लिंटेल, राहते. हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. एका जागी खरवडलं, मग हातभर पलीकडे, मग वर. विटांचे थर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सलग गेले होते, कुठेही न तुटता. चाळीस वर्षं लोकांच्या भिंतींत खिडक्या बसवता बसवता त्यानं आईच्या भिंतीतही एक बसवून टाकली होती.

बोटांना लागलेली धूळ त्यानं पँटला पुसली. "मग ते ऊन?" त्याचा आवाज लहान झाला होता. "ऊन तरी होतं का?"

"होतं की." ताईनं परसदाराची कडी काढून तिकडे बोट केलं. "आई इथे बसायची, भिंतीकडे तोंड करून. दार तिच्या डाव्या हाताला. आणि तू सदा उंबऱ्यात ठाण मांडून. सारखी ओरडायची तुझ्यावर. 'सरक रे बारक्या, माझा उजेड अडवलास!' तू सरकलास की तिला दिसायचं. पुन्हा जैसे थे."

गवंडी उंबऱ्यात जाऊन बसला. गुडघे कुरकुरले. मग तो हळूच एका बाजूला सरकला. उन्हाचा पट्टा आत गेला आणि ताईनं दाखवलेल्या जागेवर पसरला. फरशी तिथे काळवंडलेली होती, एवढंच. त्यानं डोक्याला पुष्कळ ताण दिला, पण त्याला ती हाक आठवेना. गाल आठवत होता, ऊन आठवत होतं. ते ऊन ज्या बोलण्यामुळे पडायचं तेच नेमकं गेलं होतं.

"ताई, कसा होता गं आवाज?"

"आता काय सांगू! लोक म्हणतात, माझ्यासारखा."

"म्हणून दाखव ना. तसंच."

"वेडा आहेस का? म्हातारा झालास."

"दाखव गं."

ताईनं आधी दाराबाहेर कुणी नाही ना ते पाहिलं. मग पदर सावरून ती त्या काळवंडलेल्या जागी खरंच बसली, भिंतीकडे तोंड करून. "सरक रे बारक्या," ती म्हणाली, "माझा उजेड अडवलास."

गवंड्यानं डोळे मिटले होते. ऐकू आला तो ताईचाच आवाज, सदुसष्टीकडे झुकलेला, थोडा घोगरा. आईचा त्यात कुठे होता की नव्हता, हे पारखायला त्याच्याजवळ काहीच नव्हतं.

"अजून एकदा," तो म्हणाला.

ताईनं पुन्हा म्हटलं. ऊन भिंतीवर चढेपर्यंत किल्ली परत करायची आठवण दोघांपैकी कुणीच काढली नाही.