दसऱ्याला गाडी धुतली तेव्हा

ही गेल्यावर पहिला दसरा आला. वर्षाच्या आत सण करायचा नसतो, म्हणून दाराला तोरण लावलं नाही. पण गाडीला हार घालायचाच, असं मी ठरवलं. डायलिसिसला हिला याच गाडीने नेलं-आणलं. माणसं कंटाळली, गाडी कंटाळली नाही.

चेंबूरला राहणारा माझा मुलगा ती विकायला निघाला होता. "बाबा, या वयात कशाला? एकदा जरी रस्त्यात अडकलात तर चावी माझ्याकडे." मी हो म्हणून बसलो होतो. हिच्या साड्यासुद्धा वाटून झाल्या. गाडीत बसलं की तेवढी ही शेजारी आहेसं वाटतं. चावी गेली की तेही गेलं.

जन्मभर मी डिझेलचा टेम्पो चालवला. दसऱ्याला बॉनेट उघडून इंजिनावर पाण्याचा पाइप धरायचा, ही आमची रीत. तसाच या गाडीवर धरला. मग हळदकुंकू, हार, चाकाखाली लिंबू.

हिची धाकटी बहीण आली होती, ती बघत उभी. "भावोजी, वर्ष सरलं नाही अजून. ताईला चाललं असतं का?"

"तिलाच विचार," मी म्हणालो आणि मेहुणीला मुलुंडला तिच्या घरी सोडायला निघालो.

भांडुपला गाडी थरथरायला लागली. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. मला इंग्रजी येत नाही. त्या दिव्यांना चित्रं बघून नावं हिने ठेवलेली. तेलाच्या दिव्याला झारी, इंजिनाच्या दिव्याला नळ. "अहो, नळ लागला बघा," म्हणायची. तेव्हा तो नुसता लागायचा, मी सवडीने गॅरेजला न्यायचो. म्हणून आताही दामटत राहिलो.

"थांबवा हो, हिसके देतेय," मेहुणी म्हणाली. "ताईचा कोप आहे. सांगत होते मी."

एरवी तिला झापलं असतं. आज मात्र गाडी कडेला घेतली.

समोरच एक गॅरेज होतं. मिस्त्री पूजा उरकून बसलेला. त्याने बॉनेट उघडलं आणि हसला. "काका, अभ्यंगस्नान घातलंत? दिवाळी लांब आहे अजून."

"टेम्पोला घालायचो."

"तो डिझेलचा. ही पेट्रोलची, प्लगपाशी पाणी गेलं. हा दिवा नुसता पेटला तर हळूहळू गॅरेजला या. लुकलुकला तर दामटायचं नाही. कच्चं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं, आतली जाळी जळते, वाट लागते. आणि लाल पेटला तर गाडी जागच्या जागी बंद."

"म्हणजे कोप नाही ना?" मेहुणीने विचारलं.

"पाण्याचा आहे," म्हणत त्याने प्लगपाशी हवा मारायला घेतली.

तेवढ्यात मुलाचा फोन. "मावशी पोचली का?" मेहुणीने फोन ओढून घेतला.

"अरे, मीच थांबवलं यांना. झेंडू घ्यायचा होता."

"आता? दुपार झाली, मावशी."

"मला शिकवू नकोस. ठेव."

मी बघत राहिलो तर म्हणाली, "बघता काय? शेवटी शेवटी मागच्या सीटवर ताईचं डोकं माझ्याच मांडीवर असायचं. एवढ्यात नाही जाऊ द्यायची ही गाडी."

मिस्त्रीने चावी फिरवायला सांगितलं. थरथर गेली. दिवा लुकलुकायचा थांबला, नुसता पिवळा जळत राहिला. "तो उद्या घालवू," मिस्त्री म्हणाला.