कडुलिंबाखालची आई-बापं

लेकरू दवाखान्यात ठेवलं की माणूस गावात कमी बोलतो. पण तशीच लेकरं आत असलेली दुसरी माणसं भेटली, की तोंड थांबत न्हाई! जालन्याच्या वेड्यांच्या सरकारी दवाखान्यात जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, भेट असायची. फाटक उघडेपर्यंत आम्ही बाहेर कडुलिंबाखाली बसायचो. मी टेंभुर्णीचा, शाळेत मास्तर. धावड्याचा धोंडिबा, मेंढरंवाला. आणि जुन्या जालन्याच्या रसूलबी. त्यांना आम्ही खाला म्हणायचो. नऊ वर्षं बसलो. गोष्टी साठणारच की!

•

पहिला दिवस माझाच. माझी गया सोळा वर्षांची. तिला कोणीतरी बोलतंय असं सारखं ऐकू यायचं. त्या आवाजानं सांगितलं म्हणून दोनदा चुलीतला निखारा हातात धरलेला. त्या दिवशी मात्र वेणीफणी करून गप उभी. मी आठ दिवस झोपलो नव्हतो. दाढी वाढलेली, डोळे लाल. फाटकावरच्या जमादारानं दोघांकडं पाहिलं आणि माझाच दंड धरला.

"चलो, अंदर चलो!"

गया खळखळून हसली. किती महिन्यांनी! म्हणाली, "ते न्हाई हो, मी."

आणि आपल्या पायानं आत गेली.

•

गावात सांगून टाकलं, मामाकडं लगीन उरकलं, लेक सासरी गेली. आता सांगितलं की निभवावं लागतं! एकानं विचारलं, "जावई काय करतेत?"

मी म्हणालो, "सरकारी दवाखान्यात हायेत."

"मंग मोठं घर दिसतंय!"

"हौ, बिलकुल मोठं." मोठं म्हणजे काय, भिंतच दोन पुरुष उंच!

बायको वर्षभर भेटीला आली न्हाई. आली ती खण, नारळ आणि तांदूळ घेऊन. मी म्हणालो, "इथं कशाला हे?"

"लेक सासरी हाये ना? मंग ओटी नको भरायला?"

गयाची ओटी भरली, तशा बराकीतल्या बाया एकेक करून समोर येऊन बसल्या. पदर पसरून. बायकोनं चिमूट चिमूट तांदूळ पुरवला. परतताना गाडीत ती एवढंच बोलली, "पुढच्या वेळी पायलीभर आणू."

•

धोंडिबाचा महादू दोन वर्षं कोणाशीच बोलला नव्हता. एका जुम्म्याला धोंडिबा पळतच बाहेर आला.

"मास्तर, बोललं! पोरगं बोललं!"

"काय म्हणालं?"

"म्हणलं, काळी व्याली का?" काळी म्हणजे त्यांची मेंढी.

खाला म्हणाल्या, "और बाप का हाल? वो नहीं पूछा?"

"मला काय इचारायचं? मी समोरच उभा हाय की! मेंढी दिसत न्हाई, म्हणून मेंढीचं इचारलं. डोकं बराबर हाये!"

•

मी एकदा चूक केली. गयानं विचारलं, "बाबा, कोणी बोलतंय ते तुम्हालाबी ऐकू येतंय ना?" तिचं मन राखावं म्हणून म्हणालो, "हो, येतंय."

तिचा चेहरा पडला. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "मंग तुम्हीबी इथंच राहा. घरी आईला तरास व्हईल."

त्यानंतर मी तिला तसलं खोटं बोललो न्हाई. "मला येत न्हाई गया. तुला काय येतंय ते सांग." ती सांगायची, मी ऐकायचो. पुढं ती घरी आली, तरी आमचं हे बोलणं चालूच राह्यलं.

•

खालांचा युसूफ एकुलता एक. आपली आई दूर कुठंतरी आहे आणि ही भेटायला येणारी बाई तिच्यासारखी दिसणारी कोणी दुसरीच आहे, असं त्याच्या मनानं घेतलेलं. डब्यातलं कालवण खाऊन म्हणायचा, "सालन अच्छा पकाती तुम. हमारी अम्मा मिली तो सलाम बोलना."

"हौ बेटा, बोलती."

अर्धी रोटी बांधून द्यायचा, अम्मासाठी. खाला कडुलिंबाखाली येऊन ती खायच्या. "पहुंच गई," म्हणायच्या.

अठ्ठेचाळीस साली भारताची फौज आली, निजामाचे रजाकार पळाले. मधले काही हप्ते वाटाच बंद होत्या. खुल्या झाल्या तसे धोंडिबा आणि मी गेलो. खाला आल्या नव्हत्या. जुन्या जालन्यातली मुसलमानांची घरं भीतीनं दारं लावून बसलेली, असं फाटकावर कळलं. आमच्यातली भाकरी युसूफला दिली. त्यानं हात लावला न्हाई.

"वो औरत नहीं आई?"

"भ्याली हाये रे," धोंडिबा म्हणाला. "घरातच बसून हाये."

"अकेली?"

"हौ. एकलीच."

युसूफनं भाकरी परत आमच्याकडं सरकवली. मंग म्हणाला, "उसकू कोई बेटा नहीं क्या?"

आम्ही तसेच जुन्या जालन्यात गेलो. खालांनी दार उघडलं न्हाई, आतूनच विचारलं, "कैसा है?" मी युसूफचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

आत भांडी वाजली. मंग कडी निघाली. खाला बुरखा घालून उंबऱ्यात उभ्या. हातात डबा, भरलेला.

"चलो मास्तर," म्हणाल्या. "जल्दी चलो, फाटक बंद होंगा!"