सबूरताईंचा तळहात

सबूरताईंचे खरे नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हते, आणि त्यांनाही त्याचे सोयरसुतक नव्हते. तरुणपणी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. तिथली शिकवण एकच: दोन्हीकडचे बोलणे संपल्याशिवाय वायर उपटायची नाही. एक्स्चेंज गेले आणि ताई जुन्या कॅसेटींतले आवाज संगणकावरून हार्ड डिस्कवर उतरवून देऊ लागल्या. शिकवण तीच राहिली. संगणक बंद करण्याआधी त्याला डिस्क सोडायला सांगायचे. त्याने परवानगी दिली तरी डिस्कच्या डबीवर तळहात ठेवायचा आणि आतली घरघर शमली की मगच वायर काढायची. ताईंच्या हातून एकही डिस्क दगावली नाही, असे गल्ली म्हणे. त्याचा पुरावा कुणी ठेवलेला नाही. उलट पुरावाही कुणी आणलेला नाही.

"अहो जाऊबाई, भावोजी घराबाहेर पडतात तेव्हा मानही वर करत नाही तुम्ही," धाकटी जाऊ चिडवायची, "आणि ह्या डबीला एवढा निरोप?"

"तुझे भावोजी संध्याकाळी परत येतात गं. डबीतलं येईलच असं नाही."

एके दुपारी कोपऱ्यावरचे घड्याळवाले एक कॅसेट घेऊन आले. त्यांच्या दिवंगत पत्नीने बहिणीला पाठवण्यासाठी ती भरली होती. फीत इतकी जीर्ण, की एकदाच वाजली आणि शेवटाला येऊन तिचे तुकडे पडले. आता आवाज होता तो फक्त डिस्कवर. घड्याळवाल्यांना हुंदका आवरेना. त्यांना धीर देत असतानाच संगणक अडून बसला, आणि ताईंनी नकळत, डिस्क न सोडवता, 'पुन्हा सुरू करा' दाबले.

डबीवरचा दिवा अजून लुकलुकत होता. 'काम पूर्ण' असे पडद्यावर उमटले होते खरे. पण संगणक उरलेसुरले ओंजळीत धरतो आणि सवडीने डबीत ओततो, हे ताई जाणून होत्या. ओंजळ रिकामी झाली नसेल तर?

पडदा काळा झाला. घड्याळवाल्यांनी वायरीला हात घातला.

"सबूर, दादा."

"बंद झालं की, ताई."

"बंद नाही, नुसते डोळे मिटलेत. आत्ता उघडेल." ताईंनी त्यांचा हात धरून डबीवर टेकवला. "आधी हे बघा."

घड्याळवाल्यांचा हुंदका थांबला. उभा जन्म चाकांत गेलेला माणूस तो.

"चाक फिरतंय," ते हलकेच म्हणाले. "केवढ्या वेगानं. आणि धक्का म्हणून नाही."

"त्याचं त्याला उरकू द्या."

पडदा उजळला. संगणक पुरता जागा झाल्यावर ताईंनी डिस्क सोडायला सांगितली. 'डिस्क वापरात आहे,' उत्तर आले. ताईंनीही आपला तळहात डबीवर ठेवला. पुन्हा विचारले, तेव्हा होकार मिळाला. दोन तळहातांखाली घरघर मंदावत, भोवरा कलावा तशी, निवली. ताईंनी वायर काढली, पुन्हा जोडली आणि आवाज लावला. आवाज कुठे तुटतो याची वाट पाहत त्या ऐकत होत्या.

तो तुटला नाही. चुलीवरचे दूध, भाच्याचा खोकला, नवऱ्याचे घोरणे, सगळे आले. मग एक मोठा श्वास, आणि अगदी शेवटी: "बरं, येते मी."

"ये हं," घड्याळवाले म्हणाले.

ताई थक्क होऊन डबीकडे पाहत राहिल्या. एवढ्याशा चकतीने तो श्वाससुद्धा सांडू दिला नव्हता. दोन्हीकडचे बोलणे आता संपले होते. तरी वायरीकडे हात न्यायला त्यांना बराच वेळ लागला.