खुर्शीदाच्या जागेवरची मोटार

रहेमतुल्ला खराद्याच्या दुकानात त्याच्या बायकोची, खुर्शीदाची, जागा ठरलेली होती. खरादेच्या, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्राच्या, समोर, भिंतीला टेकून, गोणपाटावर. लग्न होऊन जळगाव जामोदात आली तेव्हापासून ती तिथं बसून खरादेची चामडी वादी ओढायची. वादीचं एक टोक ओढलं की लाकूड पुढं फिरायचं, दुसरं ओढलं की उलटं. पुढं फिरताना रहेमतुल्लानं पटाशी लावायची, उलटं फिरताना उचलायची. पाळण्याचे लट्टू, लाटणी, भोवरे, पांगुळगाड्याची चाकं, सगळं दोघांच्या चार हातांचं. गावात नाव मात्र एकट्या रहेमतुल्लाचं. त्याचं खुर्शीदाला कधी वाईट वाटलं नाही. समोर नवरा बसलेला, त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू, अन् बाजाराचा रस्ता डोळ्यांपुढून वाहायचा. एवढं सुख कुणाच्या वाट्याला येतं हो?

त्यांची तितराला भुलवून बोलावणारी शिट्टी तर पार सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत गाजलेली. सागाची नळी, आत पितळेची पातळ जीभ. शिकारीचा नाद असलेला अर्जुनराव म्हणायचा, "रहेमतुल्लाची शिट्टी ऐकली का तितर सासर सोडून येते."

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. हाच अर्जुनराव मुंबईच्या मेहुण्याकडून काचेसारखी आरपार दिसणारी कांडी घेऊन आला. "अॅक्रिलिक म्हणतात याले," तो म्हणाला. "याची शिट्टी कर. आतली जीभ हालताना दिसली पायजे." दोघांनी केली. तिनं वादी ओढली, त्यानं गिरमिटानं भोक पाडलं आणि लाकडाला पुसतात तसंच स्पिरिटच्या चिंधीनं पुसून चकचकीत केलं. अर्जुनरावानं ती भर बाजारात फुंकली अन् झालं, ज्याला त्याला तसलीच हवी. मेहुण्यानं आणखी कांड्या पाठवल्या.

गावात नुकतीच वीज आली होती. रहेमतुल्लानं खराद फिरवायला खामगावहून विजेची मोटार आणली. बायकोचे खांदे धरतात, तिला आराम मिळावा, हे त्याच्या मनात होतं, अगदी खरं. पण मोटार बसवायला त्याला दुकानात एकच जागा दिसली. खुर्शीदाचं गोणपाट गुंडाळून कोपऱ्यात गेलं.

"आता राणीवानी बस घरी," तो म्हणाला.

राणी घरी बसली. शेजारची रुक्मिणीबाई म्हणाली, नशीब काढलंस बाई. खुर्शीदानं मान हलवली आणि भिंतीपलीकडच्या दुकानातली मोटारीची घरघर ऐकत निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडले. खरं सांगायचं तर तिला रडू यायचं. पण आराम मिळाला म्हणून रडणाऱ्या बाईला लोक येडीच म्हणतील.

मग मोटारीवर केलेल्या शिट्ट्या तडकायला लागल्या. दुकानातून जाताना आरशासारख्या, आणि चार दिवसांनी भोकाभोवती बारीक चिरांचं जाळं. फुंकली की तितराऐवजी दमेकरी म्हातारा बोलायचा. लोक आणून आदळू लागले. रहेमतुल्लानं आधी मालाला शिव्या घातल्या, मग मुंबईच्या दुकानदाराला, मग थंडीला. शेवटी कुणाची तरी नजर लागली म्हणाला आणि अर्ध्या भाकरीवरून उठायला लागला.

"माही काऊन नाही तडकली बे?" अर्जुनरावानं एकदा आपली पहिली शिट्टी दाखवून विचारलं. रहेमतुल्लानं ती उलटसुलट करून परत दिली. दाराआड उभ्या खुर्शीदानं मात्र ते ऐकलं.

संध्याकाळी ती दुकान झाडायला गेली आणि तिनं खाली पडलेला भुसा चिमटीत धरला. पहिल्या शिट्टीचा भुसा तिनंच झाडला होता, जाड्या मिठासारखा, कोरडा. हा लांब धाग्यांचा, गिरमिटाला गुळाच्या पाकासारखा चिकटलेला. तापल्याशिवाय पाक होतो का कधी?

"तुमची मोटार दम खात नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "आपली खराद पुढं जाये तवा कापे, मांगं ये तवा थंडी होये. हा माल आतून तापून राह्यला. वरून स्पिरिट लावता. तापल्या कंदिलाच्या काचीवर पाणी पडल्यावानी होते त्याचं."

रहेमतुल्लानं मान खाजवली. "मंग मी बटन दाबून दाबून थांबवतो." आता मोटारीला कुणी असं चालू-बंद, चालू-बंद करतं का? खांबावरचा फ्यूज उडाला, अर्धी गल्ली अंधारात गेली, आणि रुक्मिणीबाईच्या घरातून जे शब्द आले ते इथं सांगण्यासारखे नाहीत.

सकाळी त्यानं मुकाट्यानं वादी चढवली. खुर्शीदाच्या जागेवर मोटार, म्हणून ती उंबऱ्यापाशी वाकडी बसून ओढू लागली. अंग अवघडलं, पण हातांना जुनी लय सापडली. भुसा पडला तो कोरडा, मिठासारखा. त्या शिट्ट्या त्यांनी स्पिरिटनं पुसल्या आणि फळीवर मांडल्या. उठल्या उठल्या दोघंही चिरा बघायला तिकडंच धावायची. पुढचा बाजार आला तरी एकीलाही चीर नव्हती. अर्जुनरावानं त्यातली एक उचलून फुंकली, तर समोरच्या पाखरंवाल्याच्या पिंजऱ्यातलं तितर ओरडलं.

"जमली बे," अर्जुनराव म्हणाला. "मोटार बदलली काय?"

"हाव. जुनीच बसवली," रहेमतुल्ला म्हणाला, आणि मागून खुर्शीदानं पाठीत वादीचा फटका दिला तेव्हा हसला.

अर्जुनराव गेल्यावर तो पाना घेऊन उठला. मोटार विकायची नव्हती, लाटण्यांना ती लागणारच होती. त्यानं नट सोडले, धापा टाकत तिला दाराच्या अंगाला ओढलं, भिंतीजवळची जागा झाडली आणि कोपऱ्यातलं गोणपाट झटकून तिथं पसरलं.

"तुले आराम व्हावा म्हणून आणली होती वं मी," तो खाली बघत म्हणाला.

"ठाऊक हाये." खुर्शीदा गोणपाटावर बसली. भिंतीवर तिच्या पाठीचा जुना तेलकट डाग तसाच होता, तिथंच तिनं पाठ टेकली. "पण घरी तुमी नव्हते ना," ती म्हणाली, आणि वादी हातात घेतली.